चतकोर

रात्री बारा वाजून पाच-सात मिनिटांनी कंपनीची बस त्रिमूर्ती चौकात थांबते. तिथून आमच्या गल्लीपर्यंत चालत यायला ह्यांना आठ मिनिटं लागतात. फाटकाची कडी वाजली की मी गॅस पेटवते, कालवण गरम करते, भाकरी तव्यावर नुसती शेकून घेते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गेली एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हे मशीनवर असतात. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. कॅन्टीनमध्ये संध्याकाळी काहीतरी खाणं होतं, पण जेवण म्हणतात ते घरी येऊनच.

ताट वाढलं की मी समोर बसते. माणसाला एकट्यानं जेवू द्यायचं नाही, हे मी माहेरून घेऊन आले. माझे वडील एसटीत होते, रात्रीची गाडी डेपोत लावून यायचे आणि आई त्यांच्यासमोर अशीच बसायची. मी तेव्हा अर्धवट झोपेत त्या दोघांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकायची. त्यामुळं लग्नानंतर मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

पण नुसतं बसणं कधी झालंच नाही. साडेआठला सासूबाई आणि मुलीबरोबर माझं जेवण झालेलं असायचं. तरी ह्यांच्या ताटातली अर्धी पोळी मी घ्यायची. ती संपली की ठेच्याबरोबर मूठभर शेंगदाणे. मग चिवड्याचा डबा. आपल्या नाशिकच्या चिवड्याला तळलेला कांदा असतो, खोबऱ्याचे काप, लसणाच्या कुरकुरीत पाकळ्या. एकदा झाकण उघडलं की हात आपोआप जात राहतो. शेवटी तोंड गोड म्हणून गुळाचा खडा. ह्यांचं जेवण पंधरा-वीस मिनिटांत आटपायचं आणि तेवढ्या वेळात मी, पोट भरलेलं असताना, दुसऱ्यांदा जेवलेली असायची.

मागच्या वर्षी जूनमध्ये रक्ताची तपासणी केली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, अजून आत गेला नाहीत, पण वजन उतरवा. वजन ७१ होतं. माझी आई मधुमेहानं गेली. शेवटच्या वर्षात तिला धड दिसत नव्हतं, पण पोळ्या ती हाताच्या अंदाजानं लाटायची. त्या दिवशी रिपोर्टचा कागद पर्समध्ये घालून सिटीलिंकच्या बसमध्ये बसले, तेव्हा सिडको येईपर्यंत डोळ्यांपुढं तिचे हात होते.

मी हिशेबाचं काम करते. शालिमारजवळ खतं-बियाणांच्या एका विक्रेत्याकडं खाती लिहायला मी बावीस वर्षं आहे. त्यामुळं कॅलरी मोजणं मला अवघड गेलं नाही. फोनवर अ‍ॅप घेतलं, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. एक ग्रॅम पिठात किंवा डाळीत चार कॅलरी धरायच्या, एक ग्रॅम तेलात नऊ. पीठ-डाळीत थोडा ओलावा आणि चोथा असतो, त्यामुळं तो आकडा जरा कमीच भरतो, पण मोजायला बरा. फोडणीतलं एक चहाचा चमचा तेल म्हणजे पंचेचाळीस. हे एकदा डोक्यात बसलं की भाजी बघायची नजरच बदलते.

पण माझी चूक पहिल्याच आठवड्यात झाली. मी दिवस आवळला. सकाळचा नाष्टा बंद, नुसता चहा. डब्यात दोन पोळ्यांच्या जागी एक. संध्याकाळी काही नाही. रात्री साडेआठला जेवताना अ‍ॅपवर हजारच्या आत आकडा दिसायचा आणि मला वाटायचं, जमतंय.

मग बारा वाजायचे.

दिवसभर आवळलेला माणूस रात्री बाराला चिवड्याच्या डब्यासमोर बसला की काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. पूर्वी एक मूठ खायची, आता तीन. उभ्यानं, फ्रिजचं दार उघडं ठेवून, भांडी आवरताना, हे झोपायला गेल्यावरही. एकदा हिंमत करून मोजलं. अर्धी पोळी, साठ ग्रॅम चिवडा, तीस ग्रॅम शेंगदाणे, गूळ. साडेपाचशेच्या पुढं गेलं. आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मी तोपर्यंत स्वतःपासूनच लपवत होते. अ‍ॅपचा दिवस बाराला बदलतो. बारा वाजून वीस मिनिटांनी खाल्लेलं उद्याच्या पानावर जातं. उद्याचं पान सकाळी उघडलं की त्यात आधीच साडेपाचशे, म्हणून मी तो दिवस आणखी आवळायची. एका महिन्याची सगळी पानं मी वहीत उतरवली. महिनाअखेरीला गोदामातला माल आणि वहीतला आकडा जुळला नाही की आम्ही मागं जाऊन एकेक बिल तपासतो, तसंच केलं. ज्या दिवशी दिवसा कमी, त्या रात्री जास्त. एकही दिवस याला सुटला नव्हता.

सासूबाई निफाड तालुक्यातल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत, शाळा दुसरीपर्यंत. माझी वही बघून म्हणाल्या, "काय लिहिती गं एवढं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी." म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिच्यात किती खरं आहे ते त्या दिवशी कळलं. दिवसभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, रताळं, साबुदाणा करत बसायचं आणि जीव सतत खाण्यातच अडकलेला.

जीव अडकतो याचा एक फार जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानं उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. ही मुलं हळूहळू दुसरं काही बोलेनाशी झाली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटातलं खाणं तासन्‌तास पुरवायची. मी हे वाचलं आणि माझा फोन आठवला. त्या महिन्यात रात्री ह्यांची वाट बघताना मी एकामागून एक रेसिपीचे व्हिडिओ बघत होते. पाटवड्या, पुरणाचे मांडे, कुणाचे तरी बटर लावलेले पाव. मला वाटत होतं मी वेळ घालवतेय. शरीर भूक मागत होतं आणि मी त्याला चित्रं दाखवत होते.

खरी गोष्ट कळली ती मात्र ह्यांच्या शिफ्टमुळं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात हे दुपारी चारपर्यंत घरी येतात, रात्री आठला आम्ही चौघं एकत्र जेवतो आणि दहा-साडेदहाला घर झोपतं. त्या आठवड्यात रात्री बाराला मला भूक लागते का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. वहीमुळं पाहिलं. सोमवारी आणि मंगळवारी बाराला जाग आली, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटलं. बुधवारी जाग आली, पण तेवढं नाही. गुरुवारपासून काहीच नाही, सकाळपर्यंत झोप. पुढच्या सोमवारी सेकंड शिफ्ट लागली आणि दोन-तीन दिवसांत बाराची भूक परत हजर.

घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक जठरातून सुटतं, १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. ते रक्तात वाढलं की भूक लागते. आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढायला लागतं, म्हणजे पोट रिकामं असो-नसो, सवयीची वेळ झाली की ते दार वाजवतं. मी एकोणीस वर्षं एकाआड एक आठवडा त्याला रात्री बाराचं निमंत्रण देत होते. त्यात संध्याकाळची भूक मुळातच मोठी असते. २०१३ मध्ये १२ माणसांना १३ दिवस मंद उजेडात, घड्याळाशिवाय ठेवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा फिरवून फिरवून पाहिल्या, तरी शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणं भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त निघाली. गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढसुद्धा तेव्हाच वाढते. सकाळी नुसत्या चहावर निघता येतं आणि संध्याकाळी शालिमारच्या थांब्यावर पाववड्याच्या कढईकडं पाय ओढतात, ते यामुळं. मी इतकी वर्षं याला मनाचा दुबळेपणा समजत होते. बायका एकमेकींत बोलतानाही याच शब्दांत बोलतात, "माझा तोंडावर ताबाच नाही." हे ऐकलं की आता मला वाईट वाटतं. दिवसभर सगळ्यांना वाढून स्वतः चहा-बिस्किटावर राहिलेल्या बाईनं रात्री डबा उघडला, तर दोष तिच्या तोंडाचा कसा?

मधल्या काळात एका आहारतज्ज्ञ बाईंकडंही गेले होते. त्यांनी छापील तक्ता दिला. त्यात शेवटची ओळ होती, रात्री साडेसातनंतर काहीही खाऊ नये. मी म्हटलं, माझे मिस्टर बाराला येतात. त्या म्हणाल्या, त्यांना वाढा, तुम्ही खाऊ नका. सल्ला चुकीचा नव्हता. रात्री उशिरा खाल्लं तर तेच जेवण सकाळपेक्षा रक्तातली साखर जास्त चढवतं, हे मलाही माहीत आहे. पण अंबड-सातपूरच्या पट्ट्यात कितीतरी घरं अशी आहेत, जिथं जेवणाची वेळ कंपनीचा भोंगा ठरवतो. त्या घरांना "साडेसातनंतर स्वयंपाकघर बंद" हे वाक्य देऊन काय उपयोग? मी आठ दिवस करून पाहिलं. हात मांडीखाली दाबून समोर बसले. ह्यांना घास गिळेना. चौथ्या दिवशी म्हणाले, "तू झोप जा, मी घेईन वाढून." त्या रात्री मी आत पडून राहिले. बाहेर ताटलीचा आवाज येत होता, एकटाच. मला ते सहन झालं नाही.

म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. सकाळी दोन मुगाची धिरडी किंवा दोन अंडी आणि भाकरी. डब्यात परत दोन पोळ्या, भाजीबरोबर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, छोट्या डबीत दही. आमच्या ऑफिसात दुपारचा डबा दहा मिनिटांत उरकायची पद्धत आहे. मी वीस मिनिटं घ्यायला लागले, थोडं बोलणं ऐकावं लागलं, पण लागले.

सगळ्यात मोठा फरक पडला तो साडेपाचच्या खाण्यानं. हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, इतकं ते साधं आहे. पूर्वी दुपारी दीडला जेवले की थेट साडेआठ. सात तास. त्यातच बसची गर्दी, उतरल्यावर पवननगरच्या बाजारातली भाजी, घरी आल्यावर सासूबाईंचा चहा, कुकर. कांदा चिरताना तोंडात शेंगदाणे, पोळ्या लाटताना पहिल्या पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी, आमटीची चव म्हणून दोन वाट्या. या खाण्याची कधी गणतीच नव्हती, कारण ते ताटात पडत नव्हतं. आता ऑफिसातून निघण्याआधी टेबलावरच एक लहान डबी उघडते. तीस ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू, हंगाम असेल तर. द्राक्षांच्या दिवसांत हातगाडीवरून घेतलेली वाटीभर द्राक्षं. फुटाण्यांच्या साधारण एकशेदहा कॅलरी होतात, आणि ते चावायला वेळ लागतो. बस येईपर्यंत पाववड्याचा वास वासच राहतो. घरी आल्यावर चाकू हातात घेतला तरी दुसरा हात शेंगदाण्याच्या बरणीकडं जात नाही.

चिवडा मी घरातून घालवला नाही. घालवला तर सासूबाईंचा दुपारचा चहा सुना होईल, आणि नाशिकच्या घरात पाहुण्यासमोर काय ठेवायचं? तळलेल्या चिवड्यात शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी धरा. हलका असल्यामुळं खाल्ल्यासारखाच वाटत नाही. आता रविवारी चारला वाटीत काढून, कच्चा कांदा चिरून, लिंबू पिळून, पाटावर बसून खाते. खाल्ल्यासारखा वाटतो.

झोपेचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझी झोप एक ते साडेपाच. २००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांवर केलेला एक प्रयोग आहे. दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. मी तर आठवडाच्या आठवडा काढते. हल्ली पावणेदहाला गजर लावून आडवी होते, पावणेबाराला उठते. मुलगी बारावीला आहे, ती अभ्यासाला जागीच असते, तीच कधीकधी हलवून उठवते. तुटक झोप आहे, पण गुरुवार-शुक्रवारी जी वखवख सुटायची ती कमी आहे.

आणि रात्रीचे बारा. दिवसाचं सगळं लावून दिल्यावर बाराची खरी भूक गेली होती. तरी समोर बसले की काहीतरी हवं असायचं. ते काय, हे उमगायला मला वेळ लागला. चोवीस तासांत ती पंधरा-वीस मिनिटंच आमची दोघांची असतात. मुलीच्या फीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं, मशीनवर काय झालं त्याचं बोलणं तेव्हाच होतं. त्या वेळी ताटात हात असला की बोलणं सुचतं, इतकं ते साधं होतं.

तोड सासूबाईंनी काढली. एका रात्री मी आणि त्या जेवत होतो, बाजरीची भाकरी आणि उडदाची डाळ होती. मी दीड भाकरी घेतली होती. त्यांनी माझ्या अर्धीतला तुकडा मोडला आणि फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवला. म्हणाल्या, "हा चतकोर त्याच्या वक्ताला खा. तुझ्याच ताटातला आहे, वरचा नाही." मग सांगत बसल्या, त्यांच्या लहानपणी दुष्काळात भाकरीची मोजणी कशी व्हायची. अर्धी, चतकोर, नितकोर. चतकोराचा अर्धा तो नितकोर. लहान पोरांना नितकोर मिळायचा आणि त्यावर दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचं नाही, अशी त्यांच्या आजीची शिस्त. मला चतकोर माहीत होता, नितकोर हा शब्द बोलण्यात कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. वजनकाटा नव्हता तेव्हा घरात केवढं काटेकोर माप होतं.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर तपासलं. आमच्या एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोनशेच्या थोडं वर. चतकोराचे पन्नासच्या आसपास, आणि तेही साडेआठच्या हिशेबातून वजा केलेले. आता अ‍ॅपमध्ये मी तो रात्रीच्या जेवणातच लिहिते. बारानंतरचं पान सकाळी कोरं असतं.

चतकोर लवकर संपवायचा नसतो. ह्यांचा पहिला घास, माझा बारीक तुकडा, डाळीच्या वाटीत टेकवून. मग बोलणं. मग पुन्हा एक. पूर्वी मूठभर चिवडा दोन मिनिटांत जायचा, हा तुकडा ह्यांच्या शेवटच्या घासापर्यंत टिकतो. भात असेल त्या दिवशी चतकोराऐवजी वाटीभर पातळ ताक, जिरं आणि मीठ घालून.

डिसेंबरात एचबीए१सी ५.८ आलं. वजन ६७. दिवाळीत दोन आठवडे काटा हललाच नव्हता, एकदा दीड किलो वरही गेला होता, पण परत आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चालत राहा म्हणाले. रविवारी सकाळी आम्ही दोघं पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जातो, एवढं एक त्यात वाढलंय.

परवा सेकंड शिफ्टला ह्यांचं मशीन अडलं. बस चुकली, फोन आला, सहकाऱ्याच्या गाडीवर येतो. सव्वा वाजला. नाशिकची जानेवारीतली थंडी, खिडक्या बंद असूनही फरशी बर्फासारखी. मी शाल घेऊन ओट्याशी उभी होते. टोपलीत फडक्यात चतकोर होता. मुलगी तिच्या खोलीतून आली, केमिस्ट्रीचं पुस्तक हातात, डोळे तांबारलेले. म्हणाली, "मम्मी, भूक लागलीय." मी म्हटलं, दूध गरम करते. ती म्हणाली, "दूध नको. तू पप्पांसोबत जे खातेस ते."

तेवढ्यात कडी वाजली. मी गॅस पेटवला. हे हात धुऊन बसले, ती त्यांच्या शेजारी पाटावर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. मी फडकं सोडलं, चतकोर तव्यावर शेकला आणि मधोमध मोडला. एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, त्या जाग्याच होत्या. "कोण कोण बसलंय गं जेवायला?"

"आम्ही तिघं," मुलगी म्हणाली. "आजी, मला नितकोर मिळालाय."